नीरगंटी

अठ्ठावीस वर्षं मी शेवाळ खरवडलं.
गळतग्याच्या अलीकडची वाडी, पंचायतीची टाकी,
चौतीस पायऱ्यांची लोखंडी शिडी,
झाकण फुटलेलं, त्यातनं ऊन आत
आणि उन्हामागनं ते हिरवं.
काथ्याचा बोळा, ब्लीचिंगची पिशवी, तोंडाला फडकं.
हजेरीबुकात हुद्दा कन्नडमध्ये : नीरगंटी.
घराघरात नुसतं : पाणी सोडणारा पारिसा.

त्रिशला ताट वाढायची,
पण जरा लांबनंच सरकवायची.
'किती मारलासा आज?'
पावसाळ्यात न्हाणीच्या दगडावर हिरवं धरलं
की ती काट्यातनं वळसा घालायची,
ओल्या लुगड्यानं, भरली कळशी घेऊन.
सुईच्या टोकावर मावेल तेवढ्यात
अनंत जीव असतात, म्हणायची.
मला टाकीचं माप पाठ होतं, पन्नास हजार लिटर.
अनंत कुठल्या व्हॉल्व्हनं बंद करतात
ते कुणी शिकवलं नव्हतं.

आता मी घरी बसलो
आणि सून शेवाळच पिकवते.
परसात, जिथं तंबाखू वाळत पडायचा,
तिथं निळ्या ताडपत्रीचे तीन हौद.
राजमती धारवाडला चार दिवस शिकून आली,
येताना एसटीत मांडीवर बाटली,
बाटलीत हिरवं पाणी. हे म्हणे बी.
खायचा सोडा, मीठ, गुडघ्याखाली पाणी.
तासातासाला ढवळायचं. ते काम माझ्याकडं.
'मामा, हळू हात फिरवा. कडेचं काढू नका.'
पहिल्या आठवड्यात दोनदा काढलं मी.
हातच तसा वळलेला.

पहाटे पांढऱ्या कापडातनं गाळायचं, पिळायचं,
शेवेच्या सोऱ्यातनं पत्र्यावर पाडायचं.
दुपारी हिरव्या काड्या कडकडीत.
वास येतो.
कशासारखा, ते आमच्या घरात बोलत नाहीत.
चिकोडीची डॉक्टरीण डबा नेते,
सांगते, डाळीच्या दुप्पट प्रोटीन, चमचाभर पुरे.
अंगणवाडीच्या लाडवात घातलं
तर पोरं एकमेकांना जिभा दाखवत बसली.
पाकिटावर काय छापायचं यावर घरात दोन दिवस वाद.
शेवाळ लिहिलं तर कोण खाईल?
कन्नडात पाची, ते तर पायाखाली घसरणारं.
शेवटी छापलं स्पिरुलिना.
इकडचं नाही, तिकडचं नाही,
त्यामुळं कुणाची तक्रार नाही.

त्रिशला खात नाही.
गाळायचं कापड दिसलं की बस्तीला निघते,
ऊन वर आल्याशिवाय परतत नाही.

मार्गशीर्षात एका रात्री गारठा असा पडला
की हौदाचं पाणी पिवळट दिसायला लागलं.
राजमती माहेरी. मला जाग आली तर अंथरूण रिकामं.
परसात बॅटरीचा उजेड.
त्रिशला वाकून हौदावर वाकळ पसरत होती,
तिच्या आईच्या नऊवारीची,
बांबूवर ताणून, पाण्याला टेकू न देता.
'काय करूलालीस?'
'गारठून मरतील की ओ.'
'परवा गाळणारच आहोत आपण.'
ती काही बोलली नाही.
तीन कोपऱ्यांवर दगड ठेवले होते,
चौथ्यासाठी अंधारात चाचपडत होती.
मी दगड दिला.

सकाळी पाणी पुन्हा हिरवं,
बुडबुडे धरायला लागलेलं.
वाकळ एका कडेनं हौदात उतरली होती,
तिथं वीतभर हिरवा डाग.
राजमती आली, म्हणाली,
आत्या, सोड्याच्या पाण्यात टाकते, निघेल.
त्रिशलानं वाकळ तिच्या हातातनं घेतली,
डाग आत घालून घडी केली,
आणि कुठं ठेवावी ते न सुचून
बराच वेळ काखेत धरून उभी राहिली.